‘घर’चे ‘धर’ झाले तेव्हा

बँकेच्या नोकरीत बढती आणि बदली या जुळ्या बहिणी आहेत. एक आली की दुसरी दारात उभीच असते. २०२२ साली आम्ही नाशिकहून बडोद्यास आलो, तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये एक लहानसा प्रिंटरही होता. २०२० च्या टाळेबंदीत कन्येच्या ऑनलाइन शाळेची पाने छापण्यासाठी तो ३,४०० रुपयांस घेतला होता. ‘फारच स्वस्तात मिळाला’ असे त्या वेळी मी चारचौघांत सांगितल्याचे स्मरते. रोज दहाजणांचे ताळेबंद तपासणाऱ्या माणसाने हे वाक्य उच्चारावे, याची आज थोडी लाज वाटते.

बडोदे मराठी माणसास परके नाही. गायकवाडांच्या राजवटीपासून दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. मात्र आजच्या पिढीची मुले घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात आणि मराठी मजकूर समोर आला की अडखळतात. अशा मुलांसाठी आमच्या सौ.ने जून २०२३ पासून दर रविवारी सकाळी घरीच वाचनवर्ग सुरू केला. मुले ११, शुल्क दरमहा १५० रुपये. या मुलांच्या गरजेचे पुस्तक बाजारात मिळेना, म्हणून पाठ ती स्वतःच रचत असे आणि शनिवारी रात्री त्यांची पाने छापत असे. प्रत्येक मुलास ४ पाने. त्यांतील ३ काळ्या अक्षरांची आणि १ रंगीत चित्राचे.

या मुलांची एक अडचण आपल्याला सहसा सुचत नाही. गुजराती लिपी देवनागरीच्या जवळची असली, तरी तिला शिरोरेषा नाही. त्यामुळे अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ त्यांना केवळ शोभेची वाटते. परंतु आपल्याकडे ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला भेद बराचसा त्या रेघेतच आहे. रेघ अखंड असेल तर ‘म’, डावीकडे तुटून गाठ पडली तर ‘भ’. वर्गाचे पहिले दोन महिने याच एका गोष्टीत गेले होते.

फेब्रुवारी २०२४ मधील एका रविवारी आठ वर्षांची एक मुलगी आपले पान मोठ्याने वाचू लागली, “भाभा धरी आले.” सगळी मुले हसली, तीही हसली. सौ.ने पान हातात घेऊन पाहिले, तर चूक मुलीची नव्हती. छापलेल्या पानावर ठरावीक अंतराने पांढऱ्या रेघा पडल्या होत्या आणि त्यांतील एक नेमकी त्या ओळीच्या शिरोरेषेवरून गेली होती. ‘मामा घरी आले’ या वाक्याचे डोके उडाले होते. जे शिकवायचे, तेच नेमके यंत्राने पुसले होते.

मुले गेल्यावर सौ. म्हणाली, “पुन्हा शाई संपली. आणि खरे सांगू का, आता हा वर्गच बंद करावा म्हणते. मला परवडत नाही.”

मी आश्चर्याने विचारले, “दरमहा साडेसोळाशे रुपये येतात ना?” त्यावर काही न बोलता तिने कपाटातून बुटांचे एक खोके आणून माझ्यासमोर ठेवले. आत वापरून झालेली १६ कार्ट्रिज आणि त्यांच्या पावत्या होत्या. आठ महिन्यांची शाई तिने घरखर्चातून, मला न सांगता भागवली होती.

त्या दुपारी मी जे केले ते कर्जदाराच्या बाबतीत मी पहिल्याच दिवशी करतो. कागद घेतला आणि जमाखर्च मांडला. काळी कार्ट्रिज १२, प्रत्येकी ७५० रुपयांप्रमाणे ९,००० रुपये. रंगीत कार्ट्रिज ४, प्रत्येकी ९५० प्रमाणे ३,८०० रुपये. कागदाची ३ रिमे, ९०० रुपये. एकूण खर्च १३,७०० रुपये. आठ महिन्यांचे शुल्क १३,२०० रुपये. म्हणजे मुलांना दर रविवारी देण्याच्या खाऊचा खर्च बाजूला ठेवूनही ५०० रुपयांचा तोटा. ३,४०० रुपयांच्या यंत्राने आठ महिन्यांत आपल्या किमतीच्या पावणेचारपट शाई प्याली होती.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवतात. प्रिंटर हा भांडवली, शाई ही महसुली. दुकानात आपण घासाघीस करतो ती मात्र नेहमी पहिल्याच खर्चाची. यंत्र लागत किमतीच्या आसपास द्यायचे आणि नफा त्यात घालाव्या लागणाऱ्या वस्तूवर मिळवायचा, ही व्यापाराची रीत जुनी आहे; दाढीचा वस्तरा आणि त्याची पाती यांच्या उदाहरणाने, किंग जिलेट यांच्या नावासह, ती पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. किंमत खोक्यावर छापलेलीच असते. गुणाकार आपण करत नाही, इतकेच.

आठ महिन्यांत काळी पाने १,०५६ छापली होती. ९,००० रुपयांस १,०५६ ने भागले तर एका पानास साडेआठ रुपये पडतात. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तेच पान २ रुपयांस देतो. कार्ट्रिजच्या खोक्यावर ‘सुमारे १२० पाने’ असे लिहिले होते. आम्हाला मिळाली ८८. कन्येच्या शाळेची थोडी पाने धरली, तरी शंभरी काही गाठली जात नाही. हा आकडा खोटा होता काय? तसेही नव्हे. पानांची संख्या मोजण्यासाठी आयएसओ/आयईसी २४७११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरवून दिलेली नमुना पाने एकामागून एक सलग छापून कार्ट्रिज किती चालते ते पाहतात. आपल्या घरी मात्र प्रिंटर आठवड्यातून एकदा जागा होतो, आणि प्रत्येक वेळी जागे होताना तोंड धुण्यासाठी थोडी शाई खर्च करतो. शिवाय मानकाच्या पानावर मजकूर किती, आणि आमच्या पानावर लहान मुलांसाठी किती ठसठशीत, जाड अक्षरे!

त्या संध्याकाळी मी जुने कार्ट्रिज घेऊन प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी ते हातावर तोलून पाहिले, कोमट पाण्याने किंचित ओला केलेला मऊ कपडा टेबलावर पसरला आणि कार्ट्रिजचे तोंड त्यावर काही क्षण दाबून धरले. उचलले तेव्हा कपड्यावर काळाभोर, अखंड ठसा उमटला होता. “साहेब, यात शाई आहे,” ते म्हणाले, “फक्त वाळली आहे. तुम्ही प्रिंटर बंद कसा करता?”

कसा म्हणजे? भिंतीवरच्या बटणाने. आपल्या घरांत सगळी उपकरणे तशीच बंद होतात. वीज वाचवण्याची आपली ती चांगली सवय. प्रिंटरला मात्र ती मानवत नाही. यंत्रावरचे बटण दाबून तो बंद केला, की कार्ट्रिज वाहून नेणारा गाडा आपल्या जागी जाऊन बसतो आणि रबराचे झाकण शाईच्या छिद्रांवर घट्ट बसते. मध्येच वीज तोडली, तर गाडा असेल तेथेच राहू शकतो आणि उघडी छिद्रे हवेत वाळतात. बडोद्याच्या उन्हाळ्यात हे किती लवकर होत असेल, याची कल्पना करावी. आधी यंत्रावरचे बटण, दिवा विझला की मग हवे तर भिंतीवरचे, असा हा क्रम आहे. त्या खोक्यातील १२ काळ्या कार्ट्रिजपैकी किती खरोखर रिकामी होती, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

ही छिद्रे म्हणजे काय प्रकरण आहे, हे कळल्यावर माझा यंत्रावरचा राग बराचसा उतरला. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगची तापलेली सळई चुकून शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईस लागली आणि सुईच्या टोकातून शाईचा थेंब उडाला, असे सांगतात. त्यातून उष्णतेने शाई फेकण्याची कल्पना निघाली. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे संशोधकही १९७९ च्या सुमारास स्वतंत्रपणे याच तत्त्वापर्यंत पोहोचले आणि १९८४ मध्ये त्यांचा ‘थिंकजेट’ हा प्रिंटर बाजारात आला. प्रत्येक छिद्रामागे एक अतिसूक्ष्म तापक असतो. तो काही मायक्रोसेकंदांत तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा धरतो आणि तो बुडबुडा समोरचा थेंब कागदावर ढकलतो. थेंबाचे माप पिकोलिटरमध्ये करतात. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर. एप्सन कंपनीने १९९३ पासून दुसरी वाट धरली. तेथे उष्णता नाही. विजेचा दाब दिला की किंचित वाकणारा स्फटिक शाई ढकलतो. अशा प्रिंटरमध्ये छिद्रांचे हेड यंत्रातच कायम असते आणि आपण केवळ शाईची टाकी बदलतो. आमच्यासारख्या स्वस्त यंत्रांत बहुधा हेड कार्ट्रिजवरच बसवलेले असते. त्यामुळे कार्ट्रिज महाग पडते. पण ते बदलले की हेडही नवे मिळते.

हेड कागदावर आडवे सरकते. त्यामुळे एखादे छिद्र बुजले, की पानभर आडवीच पांढरी रेघ उठते. इंग्रजी अक्षराला तिचा फारसा उपद्रव होत नाही. आपली शिरोरेषा मात्र नेमकी आडवी!

आता कार्ट्रिज बदलण्याविषयी. हे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. प्रिंटर चालू ठेवूनच झाकण उघडावे, म्हणजे गाडा आपोआप मध्यभागी येतो. तो हाताने ओढू नये. जुने कार्ट्रिज हलके दाबले की सुटते. नव्याचे पाकीट त्यानंतरच फोडावे. तोंडावरची रंगीत चिकटपट्टी पूर्ण काढावी. ती अर्धवट राहिल्याने ‘नवीन कार्ट्रिज खराब निघाले’ अशी तक्रार घेऊन दुकानात जाणारे बरेच असतात, असे त्या गृहस्थांनी हसत सांगितले. मीही एकदा त्यांत होतो, हे त्यांना सांगितले नाही. तांब्याच्या ठिपक्यांना आणि छिद्रांना बोट लावू नये. ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत कार्ट्रिज बसवावे आणि प्रिंटर जे जुळणीचे पान छापू मागतो ते छापू द्यावे. एका पानाची काटकसर म्हणून ते टाळले, तर पुढे अक्षरांच्या कडा दातेरी येतात.

संगणकाच्या पडद्यावर येणारी ‘शाई संपत आली’ ही सूचना बहुतेक वेळा अंदाज असते. आजवर किती थेंब उडवले याचा हिशेब ठेवून यंत्र ती देते. हेड कार्ट्रिजवरच असेल, तर अक्षर प्रत्यक्ष फिके होईपर्यंत छापण्यास हरकत नाही. हेड यंत्रात असेल, तर मात्र यंत्राचे ऐकावे. रिकाम्या टाकीतून हवा हेडमध्ये शिरली तर दुरुस्ती महाग पडते. रंगीत कार्ट्रिजमध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन कप्पे असतात. एक संपला की उरलेले दोन भरलेले असूनही सगळेच फेकावे लागते. आमच्याकडे पिवळा आधी संपे. चित्रांत सूर्य फार असत.

छिद्रे बुजली की आपण ‘हेड साफ करा’ ही आज्ञा देतो. ती एकदा द्यावी, फार तर दोनदा. प्रत्येक साफसफाईत चांगली शाई गटारात जाते. म्हणजे यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत. फेब्रुवारीपूर्वी आम्ही ही आज्ञा एका रात्रीत सहा-सहा वेळा दिलेली आहे.

पुनर्भरणाचे काय, असे वाचक विचारतील. बडोद्यातही दीड-दोनशे रुपयांत रिकाम्या कार्ट्रिजमध्ये शाई भरून मिळते. मी ते करून पाहिले. पहिल्या वेळी उत्तम, दुसऱ्या वेळी बरे, तिसऱ्या वेळी कार्ट्रिज गळून टेबलावर तळे झाले. हेडचे आयुष्य मर्यादित असते आणि शाईचा दर्जा भरणाऱ्यावर अवलंबून असतो. मात्र आपण विकत घेतलेले कार्ट्रिज पुन्हा भरण्यात गैर ते काय? या प्रश्नावर अमेरिकेत मोठा वाद झाला आणि मे २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले, की कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरील उत्पादकाचा पेटंट हक्क संपतो. वस्तू घेतली, म्हणजे घेतली.

शाई महाग असते ही कल्पना आपल्या घरांत नवीनच आहे. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने शाईची भुकटी आणि गोळ्या विकण्यास आरंभ केला. पुढे त्यातून ‘कॅमल’ शाई आणि कॅम्लिन कंपनी उभी राहिली. गोळी पाण्यात विरघळवली की दौत भरली. माझे आजोबा शाई सांडल्याबद्दल रागावत, पण ते सदरा खराब झाला म्हणून.

आमच्यापुढचा प्रश्न मात्र निराळा होता. वर्ग चालवायचा की बंद करायचा? मी सुचवले, शुल्क २५० रुपये करू. सौ.ने ते साफ नाकारले. दोन मुलांचे वडील रिक्षा चालवतात आणि मुळात ती मुले मराठीकडे वळली आहेत तीच कशीबशी, असे तिचे म्हणणे. मग मी नवा, बाटलीतून शाई ओतण्याचा प्रिंटर घेण्याची गोष्ट काढली. किंमत १२,००० रुपयांच्या घरात. हे प्रिंटर एप्सनने २०१० साली प्रथम इंडोनेशियात आणले, कारण तेथील लोक साध्या प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि शाईच्या टाक्या जोडून घेत होते. ग्राहकांची युक्ती कंपनीने उचलली. काळ्या शाईची एक बाटली आमच्या कार्ट्रिजच्या निम्म्याहून कमी किमतीस मिळते आणि हजारो पाने छापते. पानामागे शाईचा खर्च दहा पैशांच्या आसपास येतो. मी उत्साहाने आकडेमोड दाखवली : दरमहा १,६०० रुपये शाईचे वाचतील, आठ महिन्यांत यंत्र फिटेल.

“आणि वर्ग सहा महिन्यांत बंद पडला तर?” तिने विचारले. कर्जदारांना मी हाच प्रश्न विचारतो. मला उत्तर देता आले नाही.

तिने मार्ग काढला तो असा. दर आठवड्याच्या चार पानांची एकच सुबक प्रत घरी छापायची, ‘फक्त काळी शाई’ हा पर्याय निवडून, आणि ११ प्रती कोपऱ्यावर झेरॉक्स करून आणायच्या. रंगीत चित्र बंद. त्याऐवजी रेघांचे चित्र द्यायचे, रंग मुलांनी भरायचे. महिन्याचा खर्च ५०० रुपयांवर आला. मुले पूर्वी चित्राकडे एकदा पाहून पान उलटत. आता त्यावर अर्धा तास बसू लागली, आणि सूर्य जांभळाही होऊ लागला.

उरलेले ११५० रुपये ती दरमहा आपल्या बचत खात्यात टाकत गेली. मे महिन्याची सुटी वगळून मार्च २०२५ पर्यंत १२ महिने झाले. ३० मार्च २०२५ रोजी गुढीपाडवा रविवारीच आला. त्या दिवशी वर्गाला सुटी होती, पण घरात बाटलीचा प्रिंटर आला. तिच्या पैशांनी, तिच्या पावतीवर. ज्यांची छपाई महिन्याला दहा-पंधरा पाने आहे, त्यांनी मात्र हे अनुकरण करू नये. त्यांच्यासाठी कोपऱ्यावरचे दुकानच स्वस्त. फक्त काळीच पाने छापायची आणि तीही महिनोन्महिने थांबून, तर लेझर प्रिंटर पाहावा. त्याची शाई भुकटीच्या रूपात असल्याने वाळत नाही.

बुटांच्या खोक्यातील १६ कार्ट्रिज कचऱ्यात टाकली नाहीत. आपल्या देशातील ई-कचरा नियमांत प्रिंटर हा त्याच्या कार्ट्रिजसह धरलेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही तो आहे. आम्ही ती अधिकृत संकलन केंद्रात देऊन आलो.

शाखेत मुद्रा योजनेच्या शिशु गटाखाली, म्हणजे ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मागणारे अनेक तरुण अर्ज भरून देण्याचे व छपाईचे दुकान काढू इच्छितात. यंत्राचे दरपत्रक सोबत असते. शाईची ओळ नसते. पूर्वी मी ती विचारत नसे. आता अर्ज बाजूला ठेवून ‘एक पान किती रुपयांस पडेल?’ असे विचारतो आणि कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवतो. काहीजण वैतागतात.

घरी प्रिंटरशेजारी एक लाल बांधणीची वही दोरीने बांधून ठेवलेली आहे. तारीख, पाने, कोणासाठी असे तीन रकाने सौ.ने स्वतः आखले आहेत. परवा चाळताना माझ्या नावावर एक नोंद दिसली : ‘प्राप्तिकर विवरण, ६ पाने, १२ रुपये, येणे.’ दर झेरॉक्सवाल्याचाच लावला आहे.